चांदणी गावाला गेली नाही

मी भुऱ्या बोलतोय. नीट ऐका, कारण भुंकलो की तुम्ही खिडक्या लावून घेता.

आंबिवलीच्या पुढं जखमी जनावरं सांभाळणारी एक संस्था आहे. मी तिथं राहतो, आता कायमचाच. मागचे पाय गेलेत. सकाळी हेमांगीताई माझ्या कमरेला चाकांची गाडी बांधते आणि म्हणते, "चला साहेब, ड्युटीवर!" तिच्यावर माझा राग नाही. बाकी सगळ्यांवर आहे.

जन्म डोंबिवलीचा. एका सोसायटीच्या गेटबाहेर शेवंतीमावशी मासळी विकायला बसायची. तिच्या फळीखाली आईनं आम्हाला जन्म दिला. आई लवकरच गेली. उरलो मी आणि माझी बहीण चांदणी. माझ्या आधी जन्मली म्हणून तिचा तोरा भारी. मावशी ओरडायची, "मेल्यांनो, टोपलीला तोंड लावाल तर शेपट्या कापीन!" आणि लगेच बांगड्याचं डोकं फेकायची. चांदणी ते हवेतच पकडायची, अर्धं खायची, अर्धं माझ्यापुढं टाकायची.

सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथकाका. आम्ही फिरकू नये म्हणून त्यांनी गेटवर लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या. आम्ही त्या बाटल्यांखालीच झोपायचो. त्यांची नात सान्वी तिथंच येऊन आम्हाला चपाती भरवायची.

मग नसबंदीची गाडी आली. ऑपरेशन झालं, कानाचा तुकडा कापला. त्याचंही काही नाही. कान कापलेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असा नियम आहे. गाडी आम्हाला गेटवर घेऊनही आली होती. चांदणी उडी मारायला वाकलेली. तेवढ्यात तंबाखू-चुना मळत काका ड्रायव्हरच्या खिडकीशी आले.

"इथं नको रे बाबा. लांब कुठंतरी सोड. तुझ्या चहापाण्याचं बघतो मी."

ड्रायव्हरनं हायवेवर दार उघडलं.

तुम्हाला वाटतं, कुत्रंच ते, कुठंही राहील. चांदणीनं नाक वर केलं आणि सरळ घराची वाट धरली. टाके अजून ओले होते. मी तिच्या मागं. रस्ता ओलांडताना टेम्पो आला. तिनं मला वाचवलं-बिचवलं नाही, तसलं गोष्टीत होतं. ती चाकाखाली गेली. मी तिला चाटायला धावलो, तर दुसऱ्या गाडीनं माझी कंबर मोडली. कोणी थांबलं नाही. हॉर्न मात्र सगळ्यांनी वाजवले.

परवा सान्वीचा वाढदिवस होता. हल्ली लोक वाढदिवसाला संस्थेत येतात, आम्हाला दहीभात घालतात, फोटो काढतात. साईनाथकाका कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्यापुढं बसले. "बिच्चारा! ये रे, ये." हात पुढं केला. त्याला तोच तंबाखू-चुन्याचा वास.

मी दात विचकून गुरगुरलो.

"चावरा दिसतो हा. बांधा याला."

"चावरा नाही हो काका," हेमांगीताई म्हणाली. "याला हायवेवर टाकून दिलेलं कोणीतरी. कंबर मोडून तिथंच पडलेला, मीच इथं आणला."

सान्वी पुढं आली. माझा एक कान पांढरा, एक तांबूस. तिनं दोन्ही धरले आणि किंचाळलीच. "आबा, हा आपला भुऱ्या! तुम्ही तर म्हणालेलात, दोघं गावाला गेलेत?"

काकांचा हात अजून माझ्या तोंडापाशीच होता. मी चावणार होतो. खरंच चावणार होतो.

"आबा, मग चांदणी कुठंय?"

फोटो काढणारा म्हणाला, "काका, जरा हसा ना."

मी चावलो नाही. चावलो असतो तर आरडाओरडा झाला असता, काका दवाखान्यात पळाले असते आणि पोरीचा प्रश्न तिथंच राहिला असता. एवढ्या स्वस्तात मी त्यांना सोडणार नव्हतो.

तुमचा दहीभात मला नको. आमच्यातलं कोणी उचलून नेलंत, तर जिथून उचललं तिथंच आणून सोडा. तेच आमचं गाव.

आणि काका, पोर अजून विचारतेय. सांगा तिला.