परतीची बैलगाडी

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि रेश्मा रहिमतपूरहून थेट सांगलीला मामाकडे आली, ती आंबे खायला नव्हे, काम करायला! मामाचा जयराज इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून त्यानं टीव्ही गेमची कॅसेट करायला घेतली होती. उसाची बैलगाडी कारखान्यावर न्यायची, खड्डे चुकवायचे, ऊस उतरवून घरी परतायचं. प्रोग्रॅम त्याचा झकास, पण चित्रकलेच्या नावानं बोंब. त्याचा बैल बघून रेश्मा म्हणाली, "दादा, ही शेळी कुणाची?" त्या दिवसापासून चित्रखातं तिच्याकडे आलं.

काम लय मजेचं. आलेखाच्या कागदावर चित्र काढायचं आणि त्याचे आठ बाय आठ घरांचे तुकडे पाडायचे. जयराज त्यांना टाइल म्हणे. प्रत्येक घरात एक आकडा: शून्य म्हणजे रिकामं, एक पांढरा, दोन कोसा म्हणजे तांबूस, तीन काळा. मग घरांच्या एकेका ओळीचे दोन आकडे करून ते कॉम्प्युटरला भरवायचे. सुरुवातीला ती कॅलक्युलेटर घेऊन बसायची, पुढं तोंडीच सांगायला लागली. बैलजोडी तिची सगळ्यात लाडकी. अलीकडं पांढरा, त्याच्याआडून डोकावणारा कोसा आणि कोशाच्या कपाळावर पांढरा टिळा. त्या टिळ्यासाठी तिनं किती कागद फाडले होते!

प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दुपारी गाडी पहिल्यांदा टीव्हीवर धावली. जयराजचे वडील, मिलिटरीतून रिटायर झालेले नाथाजीमामाही समोर येऊन बसले. गाडी उजवीकडं कारखान्यावर गेली, रिकामी झाली, वळून घराकडं निघाली.

"थांब रं," मामा म्हणाले. "ह्यो गाडीवान येडा हाय का?"

"का वो आण्णा?" जयराजनं वडलांना विचारलं.

"जाताना पांढरा उजव्या अंगाला हुता, आता डाव्या अंगाला आलाय. कारखान्यावर बैलं सोडून उलटी जुपली व्हय त्येनं?"

खरंच की! गाडी वळवायला जयराजनं तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं होतं, म्हणून अलीकडं पुन्हा पांढराच. खरी गाडी वळली तर अलीकडं कोसा यायला हवा.

"एवढं कोण बघतंय, आण्णा!"

"तुझं सर कुठलं?"

"कवठ्याचे. घरी बैलजोडी आहे त्यांच्या."

"मग पैलं त्येच बघत्यात का न्हाई बघ."

जयराजनं डोकं खाजवलं. टाइलची जागा भरली होती, जोडीचं दुसरं चित्र बसणार नव्हतं. "बैलगाडी काढतो, जीप टाकतो. जीप उलटी केली तरी जीपच."

"वा रे वा! माझी बैलं काढून जीप? जीपनं ऊस नेतात होय?"

"मग जागा कुठनं आणू ते तू सांग, रेश्मे."

"चहा होईतोवर जीपला हात लावायचा नाही!" म्हणत ती कागद घेऊन खिडकीत बसली. बैलांचा आकार बदलत नव्हता, बदलायचा होता तो रंग. चहाला आधण यायच्या आत ती ओरडली, "दादा, आकडे आहेत तसेच ठेव. गाडी वळली की एकला कोसा म्हण आणि दोनला पांढरा!"

जयराजनं लगेच कीबोर्ड ओढला. "रंगांचा तक्ता तेवढा बदलायचा. जागाच लागत नाही. मला का सुचलं नाही हे?"

"शेळ्या काढतोस म्हणून."

पण लगेच तिचा चेहरा पडला. टिळा एकच्या आकड्यानं भरला होता. रंग फिरले की परतीच्या वाटेवर पांढऱ्याच्या कपाळावर कोसा टिळा दिसणार. तसला बैल कुणी बघितलाय? तिनं खोडरबर घेतलं, टिळा पुसला, तिथं दोनचा आकडा भरला आणि त्या टाइलचे आकडे नव्यानं काढून दिले. जयराजनं कॅसेटमधली चिप पुसून पुन्हा भरली.

संध्याकाळी गाडी कारखान्यावरून वळली तेव्हा अलीकडं कोसा होता, आडून पांढरा डोकावत होता. मामांनी गेमचा रिमोट जयराजच्या हातातनं काढून घेतला आणि गाडी घातली खड्ड्यात.

"आवं मामा, काय करताय! वळवा की!"

"गप गं. बैलं नवी हायती, शिकत्यात अजून."