मानेतली चूक

चित्रकाराचं नाव झालं ते थापांवर, हे आधीच सांगून टाकते. माणसं रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आहेत तशी रंगवील तर शपथ! न्यायाधीशांची दुहेरी हनुवटी गायब, कारखान्याच्या मालकिणीचं वय दहा वर्षांनी उतरलेलं. लोक हरखून जायचे. कोळशाने पहिलं रेखाटन करताना मात्र त्याचा हात खरं तेच काढायचा. मग रंग लावताना हा त्यातल्या ‘चुका’ सुधारायचा, आणि रेखाटन तारीख घालून भिंतीला टाचून ठेवायचा.

बायकोचं चित्र दर वाढदिवसाला ठरलेलं. यंदा बसताना ती म्हणाली, "अहो, हल्ली सगळे कपडे गळ्याशी आवळतात. मान जरा बारीक काढा हं!"

"वय काढून टाकतो तुझं, मानेचं काय घेऊन बसलीस!"

दोघं खळखळून हसली. कोळशात मान उजवीकडे फुगलेली उतरली होती. रंगात त्याने ती सरळ करून टाकली.

पुढच्या आठवड्यात एक डॉक्टरीणबाई स्वतःचं चित्र काढून घ्यायला आल्या. बसल्या खुर्चीत, पण नजर भिंतीवर. "जरा इकडे बघा," असं त्याने दोनदा सांगितलं, तर त्या उठून भिंतीपाशीच गेल्या.

"ह्या कोण?"

"बायको माझी. कच्ची कामं आहेत हो ती. मानेत हात चुकतो माझा."

"दर वर्षी? आणि एकाच बाजूला?"

बाईंचं बोट तारखांवरून मागे मागे सरकत गेलं. यंदा लिंबाएवढं, गेल्या वर्षी बोराएवढं, चार वर्षांपूर्वी वाटाण्याएवढं. ते वाटाण्याएवढं रंगात झाकून टाकल्याचंही त्याला आठवलं. तेव्हा तो शीळ घालत होता.

"ही गाठ कुणाला दाखवलीय?"

"नाही हो, कुणालाच नाही."

तेवढ्यात बायकोच आतून नवं चित्र मिरवत आली. "बघा ना बाई, कशी काढलीय मला! एक खोट सापडायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी अलगद दोन बोटं तिच्या गळ्याला लावली. "जरा आवंढा गिळा बघू."

ती हसत हसत गिळायला गेली, आणि दुखून तिचे डोळे मिटले. आणि हा मेला चित्रकार! त्याची नजर अजूनही त्या रंगवलेल्या सरळ मानेवरच होती.