बिनधुराची आग

मित्रांनो, मी खापर आहे. पालथं घातलेलं, काजळलेलं, जुनं. काळं म्हणून नाक मुरडू नका. माझ्या पाठीवरचे मांडे खाऊन शाहपूरचे व्याही बोटं चाटत गेलेत. बहादरपूरच्या कडू कुंभारानं मला घडवलं आणि मालूबाईनं बुधवारा पेठेतल्या घरी मांडीवर बसवून आणलं.

मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि अलगद माझ्यावर टाकतात. मला अजून त्याचं नवल वाटतं.

या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मालूबाईची नात अमृता पहिल्यांदाच मांडा करायला उभी राहिली. मांडा फाटला, पुरण ओढणीवर सांडलं. चुलतभाऊ मोहितनं व्हिडिओ काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला, देव जाणे.

मालूबाईला अक्षरं कमी कळतात. तिला व्हिडिओखाली हसरे चेहरे दिसले. "पाहा वं शारदा, किती लोकं खूश झाली तुझ्या पोरीवर!" म्हणत तिनं सुनेला तो साऱ्या गोतात पाठवायला लावला.

अमृताचा क्लास सुटला, जेवण सुटलं. फोन वाजला की दचकायची. आजीनं दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका साऱ्या घराला लागला, पोर तशीच.

एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, मला जगावंसंच नाही वाटत."

मालूबाईच्या हातातली परात खाली आली. "कोण काय म्हणलं? वाच."

"जाडी. म्हैस. हिलाच खापरावर टाका." अमृता थांबली. "ते चेहरे खूश नाहीत आजी. मला हसून राहिले."

जन्म आगीवर काढला मी, पण धूर नाही, राख नाही आणि माणूस आतून भाजतंय, अशी आग कधी पाहिली नव्हती.

"आणि मी तेच वाटत फिरली," मालूबाई म्हणाली. मग मोहितला बोलावलं. "ये शहाण्या. जिथं टाकलं, तिथंच लिही काय केलं ते." त्यानं लिहिलं, रडला. तरी व्हिडिओ सगळीकडून थोडाच पुसला गेला!

मालूबाई अमृताला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ लागली. शेजारीण कुजबुजली, तर म्हणाली, "निर्मला, दाढ दुखली तेव्हा दवाखान्यात गेली होती ना तू? का पदर लावून घरीच बसली?"

पोळ्याला मी पुन्हा चुलीवर चढलं. "दार लाव आजी," अमृता म्हणाली. मग गोळा हातांवर घेतला. मांडा पसरत गेला, इतका पातळ की आरपार जाळाचा उजेड दिसला. मी तापलंय हेच विसरलं. आणि कडेला भोक पडलं.

अमृतानं भोकातून पाहिलं. "आजी, तू दिसून राहिली!" आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

तो मांडा मालूबाईनं स्वतःच्या ताटात घेतला, कुणाला तुकडा दिला नाही.

मित्रांनो, मला तडा गेला तर कुंभार दुसरं खापर देईल. पोर कोण देईल? बोट दाबण्याआधी एवढं पाहा, पलीकडे कोण भाजतंय. आणि तुम्हीच भाजत असाल तर चुलीपाशी या, कुणाला तरी सांगा.