चार तासांपलीकडचं तळं

साहेब, माझ्या मालकाची झोप तुम्ही खाल्ली आहे. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण तुमचा शब्द मला पाठ आहे. ‘नामंजूर.’ चार महिन्यांत आठ वेळा तो आमच्या घरी आला. आता मीच तुमच्या टेबलावर येऊन पडलो आहे. पसरलेला आहे, तेव्हा वाचल्याशिवाय इलाज नाही.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. तुमच्यावर माझा राग नाही. मी आपल्या मुलखाचा एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड, वर आणि खाली लाकडी दांडे. छापखान्यात आधी माझ्या अंगावर निळा रंग चढला, मग हिरवा, शेवटी रस्त्यांचा लाल. लाल देताना कागद केसभर सरकला. म्हणून माझे काही रस्ते आजही नदीतून चालतात.

एकवीस वर्षं मी शाळेच्या भिंतीवर काढली. मुलं सगळा मुलूख सोडून आधी आपलंच गाव शोधायची. बोटं लावून लावून तिथे भोक पडलं. मास्तर म्हणायचे, ‘याच्यासारखा नकाशा सगळ्या जिल्ह्यात नाही.’ मग नवा चकचकीत नकाशा आला आणि तेच मास्तर मला गुंडाळून जिन्याखाली ठेवून आले. कौतुकाचं आयुष्य एवढंच असतं. शाळेने भंगार बाहेर काढलं त्या दिवशी एका पंपवाल्याने मला उचललं.

हा पंपवाला शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात काम करतो. त्याची बायको घरी कपडे शिवते. त्याने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, या घरात दोन माणसं वळताना एकमेकांवर आपटतात, आणि तुम्ही अख्खा मुलूख घेऊन आलात.”

तो हसला होता. तेव्हा तो हसायचा.

पंपघरात पाच पंप आहेत. ते सगळे कधी एकाच वेळी बंद होत नाहीत. सव्वीस वर्षं तो आवाज त्याच्या कानात शिरत राहिला आणि एक दिवस बाहेर पडेनासा झाला. जेवता जेवता तो उठतो, नळाला कान लावतो. “तीन नंबर खरवडतोय,” म्हणतो. डोळा लागला की पाच मिनिटांत उठून बसतो. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या देतो, पण गोळीने पंप थांबत नाही. जिथे यंत्राचा आवाज नाही अशा ठिकाणी पंधरा दिवस जा. दोघं जा. एकट्याला सोडू नका.”

मग दोघं माझ्यासमोर उभी राहिली. संध्याकाळी भाजी चिरायची सोडून.

“समुद्रावर जाऊ,” ती म्हणाली.

“समुद्र कधी बंद होतो का? तोही पंपच.”

“मग डोंगर.”

“तिथे धबधबा असणार. ताशी किती पाणी पडतं ते मी मोजत बसणार.”

“वाळवंटात चला.”

“तिथे पाणीच नाही. माझा जीव टांगणीला.”

ती म्हणाली, “तुमच्याबरोबर विश्रांतीला गेले तर परत येऊन मला वेगळी रजा घ्यावी लागेल.”

शेवटी तिला तळं सापडलं. दोन टेकड्यांच्या मध्ये, नखाएवढं निळं. लाल रस्ता तिथवर जातच नाही. पुढे नुसती ठिपक्यांची पायवाट. तिच्याकडे कपडे शिवून घ्यायला येणारी एक बाई तिथे राहून आली होती. ती सांगायची, दुपारी मासा उडी मारतो तेवढाच आवाज.

त्याने त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मासा चालेल.”

पण साहेब, तुमचा नियम आडवा आला. पंपघरातला माणूस रजेवर असला तरी चार तासांत कामावर परत पोचेल एवढ्याच अंतरावर त्याने राहायचं. बदली माणूस आहे, तरीही. तिने शिवणाचा दोरा घेतला. बस तासाभरात जेवढी जाते तेवढ्या अंतरावर एकेक गाठ मारली आणि तो माझ्या अंगावर चहूकडे फिरवला. चार गाठींच्या आत गिरण्या आल्या, वीटभट्ट्या आल्या, एक रंगाचा कारखाना आला. तळं चौथ्या गाठीच्या अंगठाभर बाहेर राहिलं.

“जरा ताणला की पोचतो,” ती म्हणाली.

“दोरा पोचतो गं. बस नाही पोचत.”

आणि त्याने अर्जात लिहिलं, ‘साडेचार तास.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘काहीही न करणे.’ दुसरा कुणी असता तर चुलत्याला मारून मोकळा झाला असता. त्याच्याच पाळीतल्या एकाचे तीन चुलते वारले, त्यातला एक दोनदा. त्याच्या सगळ्या रजा मंजूर झाल्या. खरं लिहिण्याची चूक या एकट्याने केली, तीही आठ वेळा. ती चिडायची, “अहो, एकदा तरी खोटं लिहा.” तो म्हणायचा, “मग तिथे जाऊनही मला झोप लागणार नाही.”

परवा तो पंपाजवळ उभ्याउभ्या पेंगला. बाही पंपाच्या फिरत्या पट्ट्यात गेली. बाही फाटून गेली, हात राहिला.

काल तिने नवी बाही लावली आणि दात लावून दोरा तोडला. “बाही मला शिवता येते,” ती म्हणाली. “हात नाही येत.” आज सकाळी तिने मला खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि नववा अर्ज घेऊन तुमचं ऑफिस गाठलं.

कारकून म्हणाला, “साहेब रजेवर आहेत. विश्रांतीला गेलेत, बाईसाहेबांना घेऊन.”

“कुठे?” तिने मला तुमच्या टेबलावर पसरलं. “दाखवा.”

कारकुनाचं बोट माझ्यावरून सरकत सरकत काठापर्यंत गेलं, काठ ओलांडून टेबलाच्या लाकडावर थांबलं. तो ओशाळला. “यात नाही येत हो. विमानाने गेलेत.”

ती भांडली नाही. अर्ज माझ्यावर ठेवला आणि घरी शिवणाला निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने नकाशे शेवटी सांगतात, आम्हाला ओल लागू देऊ नका, फाडू नका. मी तसलं काही मागत नाही. कागद फाटला तर चिकटवता येतो. तुमच्या घरात कुणी जेवणावरून उठून नळाला कान लावत असेल, तर त्याच्याकडे नीट बघा, एवढंच.

आणि साहेब, तुम्ही परत याल तेव्हा ताजेतवाने असाल. चांगलं आहे. तोपर्यंत हा माणूस रोज त्याच पट्ट्याशेजारी उभा असेल, झोप न झालेला. तळ्यापासून पंपघर साडेचार तास आहे, हे त्याने तुम्हाला खरं सांगितलं. आता तुम्ही खरं सांगा. त्याचा हात आत ओढला गेला, तर तुम्ही जिथे आहात तिथून किती तासांत पोचाल?