माझ्यावर लिहिलेला एक शब्द

मी एक जुना केसपेपर आहे, मित्रांनो. रुपीबाई गेल्याचं कळलं, तेव्हा मी तिच्या नवऱ्याच्या, देवीलालच्या खिशात होतो. तिच्या झोपेच्या गोळ्या घ्यायला तो घाटंजीत औषधाच्या दुकानात उभा होता. तिचा भाऊ खेमसिंग धापा टाकत आला आणि म्हणाला, "भाऊजी, गोळ्या राहू द्या आता."

माझा जन्म छापखान्यात झाला. दवाखान्यात माझ्यावर रुपीबाईचं नाव लिहिलं गेलं आणि मी तिचा झालो. ती कापूस बुडाल्याची वर्षं होती. शेतकरी जीव देत होते, म्हणून लोकांची मनं तपासायला दवाखान्यात शिबिरं भरत. काम चांगलं होतं, त्यानं काही माणसं वाचलीही. रुपीबाई मात्र दम लागतो म्हणून आली होती.

रांगेत तिला मावसबहीण भेटली, दोन वर्षांनी. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया अशा भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. दोघी तशाच रडल्या. डॉक्टर बघत राहिले.

"साहेब, रीत हाय आमची," देवीलाल म्हणाला.

कंपाउंडर हसला. "रडता गाऊन, मंग हसता कसे? ढोल वाजवून?"

"तुमच्यावानी भेटला त ढोल बी लागत नाही, भाऊ," रुपीबाई डोळे पुसत म्हणाली.

रांग हसली. डॉक्टरांनी विचारलं, "घरचा कापूस बुडाला का?"

"कोनाचा नाही बुडाला, साहेब? पन मले दम लागते."

त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'मानसिक'.

ते वाईट नव्हते, घाईत होते. पण त्यानंतर जो डॉक्टर येई तो आधी मला वाचे, मग तिच्याकडे बघे. पाय सुजले, तरी मानसिक. पाणी आणताना छाती भरून आली, तरी मानसिक. मी तिच्याच हातात असे. मला बोलता येत नव्हतं.

आता देवीलाल मला घेऊन दवाखान्यात खेपा घालतो. "हा शब्द खोडा, साहेब. आमच्या पोरीले, संगीताले, पाहाले आलेले वापस गेले. वेडीची पोर म्हंतेत तिले."

खिडकीतला माणूस म्हणतो, "लिहिणारे साहेब बदलून गेले, काका. मी कसा खोडू?"

मित्रांनो, मनाचा आजार असणं ही लाजेची गोष्ट नाही. पण माणसाचं पुरतं ऐकल्याशिवाय त्याला नाव देऊ नका. मागच्यानं लिहिलं म्हणून पुढच्यानं ते खरं धरू नये.

रुपीबाईच्या छातीला ठोके ऐकायची नळी कुणी लावली नाही. तो शब्द अजून कुणी खोडलेला नाही.