दुपारी तीनचा रीस्टार्ट

बाबांनी फॉर्म भरलाच नव्हता, हे मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. डेटाबेसमध्ये त्यांच्या नावाची एकही ओळ नव्हती, आणि डेटाबेस खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, नाहीतर विसरतात.

बाबा पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. जमिनीखालचे शेकडो जुने व्हॉल्व्ह कुठे पुरलेत हे कुठल्याच नकाशात नव्हतं, ते फक्त निवृत्त फिटरांच्या डोक्यात होतं. म्हणून खात्याने एक साइट करून घेतली: ज्याला जे आठवेल ते त्याने तिथे लिहावं. साइट आमच्या कंपनीने बांधली, सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आली. बाबांना इतका आनंद झाला, की पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्याबरोबर कीबोर्डही पुसून घेतला.

दुपारचं जेवण झालं की ते एका बोटाने टाइप करत बसायचे. एका व्हॉल्व्हचा फॉर्म सात पानांचा. संध्याकाळी मी घरी आले की तक्रार तयार असायची.

"अगं, सगळं लिहिलं होतं. 'पुढे' दाबलं, तर पहिलंच पान कोरं होऊन पुढ्यात!"

"बाबा, तुम्ही काहीच भरलेलं दिसत नाहीये."

"दिसत नसेल. लिहिलं तर होतं ना मी?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तपासायची. काही नाही. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा मी दादाला फोन केला आणि आम्ही दोघं बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांनी खरंच काही लिहिलं नव्हतं, याची खात्री आहे तुम्हाला?" मी म्हटलं, शंभर टक्के. अक्कल पाजळायची एकही संधी मी सोडत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. दादाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. गॅसला हात लावायचा नाही, असं ठरलं. बाबा आधी भांडले, मग चेष्टेवर आले. "साठी बुद्धी नाठी म्हणतात. मी तर पंचाहत्तरीला टेकलो!" पुढे चेष्टाही थांबली. लॅपटॉप कपाटावर गेला आणि ते दुपारभर खिडकीशी बसू लागले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका निवृत्त फिटरची तक्रार आली, तंतोतंत तीच. आमच्या टेस्टरला सगळे शंकासुर म्हणतात. तो म्हणाला, "दोन म्हाताऱ्यांना एकच भास होतो का गं?"

माणूस साइटवर आला की सर्व्हर त्याचं लिहिलेलं तात्पुरतं लक्षात ठेवतो, त्याला सेशन म्हणतात. सातवं पान जमा होईपर्यंत आमच्या फॉर्मचा सगळा मजकूर त्या सेशनमध्येच राहायचा, आणि सेशन सर्व्हरच्या मेमरीत. सर्व्हर रीस्टार्ट झाला की पाटी कोरी. आम्ही लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उघडले. रीस्टार्ट रोज होत होता, बरोब्बर दुपारी तीनला.

"हा कोणी लावलाय?" शंकासुराने विचारलं, आणि नोंदीतलं नाव वाचून माझ्याकडे पाहिलं. मग पुटपुटला, "काखेत कळसा..."

मीच लावला होता. मेमरी भरली की साइट रडायची. मूळ दोष शोधायला वेळ नव्हता, म्हणून रोजचा एक रीस्टार्ट. रात्री बॅकअप चालायचा, सकाळी गर्दी असायची. मी वापराचा आलेख पाहिला होता. दुपारी तीनला साइटवर एकच माणूस असायचा. एका माणसासाठी कोण अडून बसतं? तो एक कोण, हे बघायचं मला सुचलं नव्हतं.

सेशन डेटाबेसमध्ये हलवले, रीस्टार्ट काढून टाकला आणि चारलाच घर गाठलं. बाबांना सगळं सांगितलं. माझी चूक झाली म्हटलं, रडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समजूत काढतेयस माझी," ते म्हणाले.

"नाही हो बाबा! सर्व्हर विसरत होता, तुम्ही नाही."

"बरं."

मी लॅपटॉप खाली काढला, बळेच त्यांच्या पुढ्यात ठेवला. एकच व्हॉल्व्ह लिहा म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते एक बोट हलू लागलं: दवाखान्याचा कोपरा, भिंतीपासून चार पावलं, फरशीखाली लोखंडी झाकण, चावी उलटी फिरते. सातही पानं झाली. त्यांनी 'जमा करा' दाबलं. हिरव्या अक्षरांत ओळ आली, 'आपली माहिती मिळाली', आणि तिच्याखाली त्यांनी लिहिलेला शब्दन् शब्द.

आता हसतील, असं मला वाटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग लॅपटॉप हळूच माझ्याकडे वळवला.

"जरा बघ गं," ते म्हणाले. "हे तुलाही दिसतंय ना?"