पेरलेला दगड

आमच्या ल्यूदू गावात माणूस स्वतःसाठी बाग करत नाही. तो नातवासाठी करतो. नातू शांघायला सतराव्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या घरात प्लास्टिकचा बांबू आहे, हा भाग वेगळा.

फानकाकांची बाग म्हणजे चार खाटा मावतील एवढं अंगण. त्यात एक डाळिंब, परातीएवढं तळं, मुद्दाम वाकडी केलेली वाट आणि मधोमध एक रिकामा चौथरा. चौथरा बहात्तर वर्षं रिकामा होता. काका सात वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांनी पुरुषभर उंचीचा एक पांढरा दगड आणला, छिन्नीनं त्यात दोन भोकं पाडली आणि घरामागच्या कालव्यात सोडून दिला. याला आमच्याकडे दगड पेरणं म्हणतात. पाणी दगडाला आतून कोरत जातं, भोकांची भुयारं होतात, आणि दोन पिढ्यांनी असा दगड हाती येतो, की माणसं त्याच्यासमोर चहा घेऊन दिवसच्या दिवस बसतात. मोठ्या बागांतले नावाजलेले दगड ताई नावाच्या सरोवराच्या लाटांत असेच पिकलेले.

तीस वर्षांपूर्वी गाळ काढायला कालवा उपसला, तेव्हा लोक म्हणाले, काढा आता. फानकाका म्हणाले, "कच्चा असेल."

यंदा थंडीच्या तोंडावर तो पुन्हा उपसला. दोन्हीकडची पाण्याची फाटकं तीन दिवस बंद. काका आता एकोणऐंशीचे, आणि नव्या वर्षात लेकीकडे नानचिंगला, बाराव्या मजल्यावर जाणार. त्याआधी दगड चौथऱ्यावर उभा राहिलेला बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी मागे ठेवली होती. बाकीच्या इच्छा लेकीनं भांड्यांबरोबर बांधून नेल्या होत्या.

कालवा उपसला त्याच सकाळी दुआन शुएमेई नावाची मुलगी गावात आली. ती लान्चौची. पाठीवर तिच्याच उंचीची पिशवी घेऊन महिनाभर बागांची आणि कालव्यांची गावं पायी पालथी घालत होती. सामान मात्र डोंगरासाठी बांधलेलं: दोर, लोखंडी कड्या, बर्फातले बूट. आमच्या गावातली सर्वांत मोठी चढण पुलाची, एकोणीस पायऱ्यांची. ती साठीच्या वेंगकाकू शिंगाड्यांची टोपली घेऊन दिवसातून सहा वेळा चढतात.

फानकाकांच्या गोल दारात ती अडकली. पिशवी आत येईना. तशीच उभी राहून तिनं चौथऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अकरा बागा पाहिल्या मी," ती हळूच म्हणाली. "सगळ्या भरलेल्या. ही रिकामी जागा कुणाला सुचली, आजोबा?"

"सुचली नाही. माल यायचाय."

तासाभरानं तिचा दोर कालव्याच्या चिखलात होता. गाळ काढणारे चौघे, बांबूचे दांडे, ती आणि मी. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे ओढण्याचं काम सोडून कुठून ओढावं हे सांगण्याचं माझ्याकडे आलं.

"मास्तर, हात खिशात घालून पण दगड वर येतो का हो?" पुलावरून वेंगकाकू ओरडल्या. "आणि दादा, नाहीच सापडला तर माझं जातं घेऊन जा! त्याला भोक तयार आहे!"

"तुझ्या जात्याला चाळीस वर्षं झाली," काका म्हणाले. "पोर आहे ते."

दगड दुपारी वर आला. नखशिखान्त काळा, शिंपल्यांनी मढलेला, एखाद्या म्हाताऱ्या सेनापतीसारखा. गाळवाल्यांनी न सांगता टोप्या काढल्या. मीही काढली असती, पण मी घातली नव्हती.

मग शुएमेईनं बादल्या ओतल्या. चिखल गेला, शिंपले गेले. खाली पांढराशुभ्र दगड निघाला. गुळगुळीत अंग, दोन भोकं. भोकांच्या कडांवर छिन्नीचे घाव इतके ताजे होते, की आजोबा नुकतेच चहाला उठून गेलेत असं वाटावं.

गाळवाल्यांनी टोप्या परत घातल्या.

"आजोबा," शुएमेईनं विचारलं, "इथलं पाणी कुठल्या बाजूला वाहतं?"

"वाहतं?" वेंगकाकू म्हणाल्या.

माझ्या वर्गाच्या खिडकीतून हा कालवा दिसतो. त्या खिडकीशी उभं राहून सव्वीस वर्षं मी मुलांना शिकवत आलो, की वाहतं पाणी दगड झिजवतं.

"सरोवर लांब पडलं असेल तुमच्या आजोबांना," मी म्हणालो.

"लांब कसलं. सरोवरातले दगड चोरीला जायचे. इथं स्वयंपाकघरातून लक्ष ठेवता येत होतं." काकांनी दगडावर पंजा ठेवला. "आजोबांनी ठेवलं, आईनं ठेवलं, मी ठेवलं. चोरीला गेला नाही, एवढं तर खरं."

दगड चौथऱ्यावर चढवला. काका गोल दारात चहा घेऊन बसले. आम्हीही बसलो. ऊन भोकांतून पलीकडच्या भिंतीवर पडलं आणि तिथं दोन नाण्यांएवढे ठिपके झाले. ते ठिपके सरकत डाळिंबापर्यंत जाईस्तोवर कुणी उठलं नाही. मी मोठ्या बागांत पुष्कळ चहा प्यालो आहे. अशी संध्याकाळ तिथं मिळालेली नाही.

"छान दिसतोय," शुएमेई म्हणाली.

"पाहुणी आहेस म्हणून खोटं बोलू नकोस, पोरी. पण थांब जरा, चहा घे."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला हाक मारली. "उतरवा, मास्तर. कच्चा आहे अजून."

"मग या वेळी सरोवरात नेऊ. ट्रक बघतो."

"तिथं लक्ष कोण ठेवणार?"

"इथं तरी कोण? तुम्ही चाललात नानचिंगला."

"वेंग आहे ना."

"हो, आहे मी!" वेंगकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

शुएमेईनं दोर पुन्हा बांधला. दगड कालव्यात होता त्याच जागी, होता त्याच कुशीवर काकांनी ठेवून घेतला. जाताना तिनं रिकाम्या चौथऱ्याचा फोटो काढला आणि सांगितलं, की बारा बागांत हीच सर्वांत सुंदर. काकांनी या वेळी मान डोलावली.

दुपारी फाटकं उघडली. संध्याकाळपर्यंत पाणी घाटाच्या पायरीला लागलं आणि थांबलं. आमच्या कालव्याला उतार नाही.